अलास्का क्रूझ: हिमनद्या आणि वन्यजीव पाहायचे तर मार्ग कोणत्या क्रमाने निवडायचा

अलास्काची क्रूझ ठरवताना बहुतेक जण आधी तारीख पक्की करतात, मग भाडं बघतात, मग जहाजावरच्या सोयी वाचतात. जहाज नेमकं कोणत्या हिमनदीसमोर उभं राहणार हे पैसे भरून झाल्यावर कळतं. मग जाहिरातीत ‘ग्लेशियर’ हा शब्द कितीही मोठ्या अक्षरांत असो, सात रात्रींत हिमनदीच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात, व्हेल म्हणजे क्षितिजावरचा एक फवारा आणि अस्वल तर नाहीच, अशी तक्रार घेऊन माणसं परततात. अलास्कात हे सगळं भरपूर आहे. निवडीचा क्रम तेवढा उलटा झालेला असतो.

सरळ क्रम असा: आधी काय पाहायचं, मग महिना, मग हिमनदी, मग मार्गाचा प्रकार, मग बंदरांतले तास. जहाज आणि केबिन सगळ्यांत शेवटी.

टप्पा १: काय दिसलंच पाहिजे, ते लिहून काढा

कागदावर दोन याद्या करा. एक ‘हे दिसलंच पाहिजे’ आणि दुसरी ‘दिसलं तर उत्तम’. पहिल्या यादीत दोनपेक्षा जास्त नावं नकोत. सगळंच हवं असं म्हणून कुठलाच मार्ग निवडता येत नाही, कारण व्हेलसाठी उत्तम असलेलं बंदर अस्वलांसाठी बेताचं असू शकतं, आणि हिमनदीजवळ सर्वांत जास्त वेळ थांबणारं जहाज एखादं चांगलं बंदर गाळतं.

याच टप्प्यावर काही चुकीच्या अपेक्षा काढून टाका. पेंग्विन अलास्कात नाहीत. ध्रुवीय अस्वलं उत्तरेच्या आर्क्टिक किनाऱ्यावर असतात, नेहमीच्या क्रूझच्या वाटेवर ती भेटत नाहीत. धबधब्यात उभं राहून उडणारा सॅमन मासा तोंडात पकडणाऱ्या अस्वलांचे जे फोटो सगळीकडे दिसतात, ते बहुधा कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातल्या ब्रूक्स फॉल्सचे असतात. तिथे छोट्या विमानाने जावं लागतं, क्रूझच्या बंदरातून सहज होणारी ती सहल नाही. मूस आणि कॅरिबू (मोठी हरणं) पाहायचे असतील तर डेनालीसारख्या आतल्या भागात जमिनीवरचे वेगळे दिवस काढावे लागतील. जहाजावरून मिळतं ते हे: हंपबॅक व्हेल, ओर्का (किलर व्हेल), सील, सी-लायन, समुद्री पाणमांजरं, बॉल्ड ईगल (पांढऱ्या डोक्याचा गरुड), पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी), आणि नशीब असेल तर किनाऱ्यावर अस्वल किंवा कड्यावर माउंटन गोट.

तपासून घ्या: तुमच्या पहिल्या यादीत अस्वल आहे का? असेल तर किनाऱ्यावरची एक वेगळी सहल घ्यावीच लागेल, हे आत्ताच धरून चाला. नुसत्या बाल्कनीत बसून अस्वल दिसेल यावर प्रवास बेतू नका.

टप्पा २: महिना

हंगाम साधारण एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो, खरा भर मे ते सप्टेंबर. या पाच महिन्यांत चित्र बरंच बदलतं.

हंपबॅक व्हेल हिवाळा हवाईच्या उबदार पाण्यात काढतात आणि चरायला अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर येतात. मेपासून ते दिसू लागतात, जून ते ऑगस्ट त्यांची गर्दी असते. अस्वलांचं वेळापत्रक निराळं. मे-जूनमध्ये ती किनाऱ्यालगतचं कोवळं गवत खायला येतात आणि लांबून, दुर्बिणीतून दिसतात. जवळून आणि खात्रीने पाहायची असतील तर ओढ्यांत सॅमन चढू लागला पाहिजे, म्हणजे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. सीलची पिल्लं मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये जन्मतात, हिमनदीपुढे तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्यांवर आईशेजारी पडून असतात. पफिन ऑगस्ट संपता संपता किनारा सोडून खुल्या समुद्रात निघून जातात.

पावसाचा हिशेब विसरू नका. आग्नेय अलास्का हे वर्षावन आहे. केचिकान या बंदराला वर्षाला साधारण ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. मे आणि जून त्यातल्या त्यात कोरडे, सप्टेंबरपासून पाऊस वाढत जातो. नॉर्दर्न लाइट्सची आस असेल तर जून-जुलै बाद, कारण जूनमध्ये जुनो या राजधानीच्या बंदराला सुमारे अठरा तास दिवस असतो आणि पुरता अंधार पडतच नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून पुढे शक्यता सुरू होते, तीही ढग नसतील तर.

माझं मत विचाराल तर व्हेल आणि अस्वल दोन्ही पहिल्या यादीत असतील तर जुलैचा शेवटचा आणि ऑगस्टचा पहिला आठवडा. हिमनदी, बर्फाच्छादित शिखरं आणि कमी पाऊस हवा असेल तर मेची अखेर ते जूनचा मध्य. स्वस्त पडतं म्हणून सप्टेंबरचा तिसरा आठवडा घेणाऱ्यांनी पावसाची आणि खवळलेल्या समुद्राची तयारी ठेवूनच घ्यावा.

टप्पा ३: हिमनदी कोणती, आणि तिच्यासमोर किती वेळ

इथे घाई करू नका, सगळा प्रवास याच निर्णयावर उभा आहे. मार्गाच्या तक्त्यात हिमनदीच्या दिवशी नाव काय लिहिलंय ते नीट वाचा. ‘ग्लेशियर’ असं शीर्षक असलेल्या दोन मार्गांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

*ग्लेशियर बे.* हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि मोठी क्रूझ जहाजं दिवसाला फक्त दोन आत सोडली जातात. त्यामुळे गर्दी नाही. जहाज साधारण पूर्ण दिवस, नऊ-दहा तास, उद्यानाच्या हद्दीत असतं. उद्यानाचे रेंजर बार्टलेट कोव्हजवळ छोट्या बोटीतून जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज बराच वेळ थांबतं आणि जागच्या जागी सावकाश फिरतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना पाळीपाळीने दर्शन होतं. मार्जरीची भिंत सुमारे दीड किलोमीटर रुंद आहे. हा एकच दिवस असा आहे की त्यात हिमनदी आणि वन्यजीव दोन्ही भरपूर मिळतात, कारण वाटेत साउथ मार्बल बेटावर सी-लायन आणि पफिन, ग्लूमी नॉबच्या कड्यावर माउंटन गोट आणि खाडीच्या तोंडाशी हंपबॅक असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने हिमनदीसाठी एकच जागा निवडायची तर ही निवडावी.

एक बारकावा: याच उद्यानातली जॉन्स हॉपकिन्स हिमनदी फारच देखणी, पण सीलची पिल्लं वाढत असताना तिची खाडी क्रूझ जहाजांना बंद असते. ती १ सप्टेंबरपासून उघडते. ती पाहायचीच असेल तर टप्पा २ पुन्हा सोडवावा लागेल.

*हबर्ड.* उत्तर अमेरिकेतली समुद्राला मिळणारी सर्वांत मोठी हिमनदी. लांबी सुमारे १२२ किलोमीटर, समुद्राकडची भिंत दहा किलोमीटरच्या आसपास रुंद. बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना ही पुढे सरकते आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिने रसेल फ्योर्डचं (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधली अरुंद, खोल समुद्रखाडी) तोंड बंद करून टाकलं होतं. भव्यतेत हिला तोड नाही. पण डिसएनचांटमेंट बेमध्ये तरंगता बर्फ जास्त असला तर जहाज कित्येक किलोमीटर लांबूनच वळतं, आणि थांबण्याचा वेळ ग्लेशियर बेपेक्षा कमी असतो. हंगामाच्या सुरुवातीला बर्फाची अडचण अधिक येते, जुलै-ऑगस्टमध्ये जवळ जाता येण्याची शक्यता वाढते.

*एंडिकॉट आर्म आणि ट्रेसी आर्म.* जुनोच्या दक्षिणेला शेजारी शेजारी असलेले हे दोन अरुंद फ्योर्ड. एंडिकॉटच्या टोकाला डॉज हिमनदी, ट्रेसीच्या टोकाला सॉयर आणि साउथ सॉयर. १० ऑगस्ट २०२५ रोजी साउथ सॉयरजवळ डोंगरकडा कोसळून ट्रेसी आर्ममध्ये त्सुनामी उसळली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी ट्रेसी आर्म वगळून एंडिकॉट धरलं आहे. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून ट्रेसी आर्मची आशा धरू नका, तुमच्या तारखेच्या तक्त्यात आज काय लिहिलंय तेच खरं. इथली खरी गोम वेळेची आहे. बऱ्याच मार्गांत सकाळी एंडिकॉट आणि दुपारी जुनो, असे दोन कार्यक्रम एकाच दिवसात कोंबलेले असतात. बर्फ दाट असला की मोठं जहाज डॉजच्या बरंच अलीकडे थांबतं. काही कंपन्या जहाजावरून छोट्या बोटीत उतरवून हिमनदीजवळ नेण्याची सहल विकतात. एंडिकॉटचा मार्ग घेत असाल तर त्या सहलीचा खर्च मनात धरूनच भाड्याची तुलना करा.

*कॉलेज फ्योर्ड.* प्रिन्स विल्यम साउंडमधल्या या फ्योर्डमध्ये एका नजरेत अनेक हिमनद्या दिसतात. इथे मुख्यतः व्हिटियर बंदराच्या बाजूने जाणारे एकेरी (निघाल्या जागी न परतणारे) मार्ग जातात, तेही सगळे नाहीत.

*मेंडनहॉल.* ही जुनोजवळची हिमनदी रस्त्याने जाऊन, तलावाच्या अलीकडून पाहायची. जहाज तिच्याजवळ जात नाही. सुंदर आहे, पण समुद्रात कोसळणाऱ्या हिमनदीला ती पर्याय नव्हे.

सावधान: ‘आयसी स्ट्रेट पॉइंट’ हे नाव वाचून तिथे हिमनदी असेल असं अनेकांना वाटतं. ते होनाह गावाजवळचं बंदर आहे, व्हेलसाठी उत्कृष्ट, पण हिमनदी तिथे नाही.

टप्पा ४: परतीचा मार्ग की एकेरी

दोन प्रकार आहेत. सिएटल किंवा व्हँकुव्हरहून निघून तिथेच परतणारा, आणि व्हँकुव्हर ते सुअर्ड किंवा व्हिटियर असा एकेरी, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जाणारा.

सिएटलहून निघणारा मार्ग विमानाच्या दृष्टीने सोपा आणि बऱ्याचदा स्वस्त. पण त्याची किंमत वेळात मोजावी लागते. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकी बंदरातून निघून तिथेच परतताना मध्ये एखाद्या परदेशी बंदराला थांबलंच पाहिजे, असा १८८६ चा अमेरिकी कायदा आहे. म्हणून सिएटलच्या जहाजांना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबावं लागतं, बहुधा शेवटच्या संध्याकाळी काही तास. शिवाय ही जहाजं बऱ्याचदा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या समुद्रातून जातात. तिथे लाटा जास्त आणि पाहायला कमी. व्हँकुव्हरहून निघालेलं जहाज बेटाच्या आतल्या बाजूने, जॉन्स्टन सामुद्रधुनीतून जातं. पाणी शांत, दोन्ही बाजूंना डोंगर आणि उन्हाळ्यात ओर्का दिसण्याची जागा. वन्यजीवांसाठी जाणाऱ्याने व्हँकुव्हर पसंत करावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एकेरी मार्गात परतीचं अंतर वाचतं, म्हणून तितक्याच रात्रींत जास्त उत्तरेकडे जाता येतं. काही मार्गांत ग्लेशियर बे आणि हबर्ड किंवा कॉलेज फ्योर्ड, अशा दोन जागा मिळतात. सुअर्डला उतरलात तर तिथे एक मुक्काम वाढवून केनाई फ्योर्ड्सची दिवसाची बोट घ्या. आयालिक किंवा होलगेट हिमनदी, पफिनच्या वसाहती, सी-लायन आणि ओर्का एका दिवसात, छोट्या बोटीतून, मोठ्या जहाजापेक्षा कितीतरी जवळून दिसतात. एकेरी मार्गाची अडचण एवढीच की विमानाची तिकिटं दोन वेगळ्या शहरांची काढावी लागतात.

सावधान: अमेरिका आणि कॅनडा दोन्हींचा व्हिसा लागणाऱ्या पासपोर्टवर (भारतीय पासपोर्ट त्यात येतो) जवळजवळ प्रत्येक मार्गाला दोन्ही व्हिसा हवेत. व्हिक्टोरियाला जहाजावरून उतरणार नाही म्हणून कॅनडाचा व्हिसा नको, असं गृहीत धरू नका. व्हँकुव्हरहून निघून तिथेच परतणाऱ्यांनी कॅनडाचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, ते पाहून घ्यावं. पैसे भरण्याआधी जहाज कंपनीकडून हे लेखी विचारा.

तपासून घ्या: सुअर्ड किंवा व्हिटियरहून अँकरेजच्या विमानतळावर रेल्वे किंवा बसने जायचं असतं. व्हिटियरचा बोगदा एकपदरी आहे, गाड्या आळीपाळीने एकेका दिशेला सोडतात, त्यातूनच रेल्वेही जाते. उतरण्याच्या दिवशी सकाळचं विमान घेऊ नका.

टप्पा ५: बंदरांतले तास मोजा

आता हाती दोन-तीन मार्ग उरले असतील. प्रत्येकाचा तासावार तक्ता काढा आणि बंदरांची नावं झाकून फक्त वेळा वाचा. केचिकानला सकाळी सहा ते दुपारी एक असा थांबा असेल तर पहाटे उठून सहल उरकावी लागेल. जुनोला दुपारी एक ते रात्री दहा मिळत असतील तर व्हेलची सहल आणि मेंडनहॉल दोन्ही आरामात होतात, कारण उन्हाळ्यात तिथे उशिरापर्यंत उजेड असतो.

बंदरांबद्दल थोडक्यात. व्हेलसाठी जुनो आणि आयसी स्ट्रेट पॉइंट ही दोन ठिकाणं सगळ्यांत भरवशाची. आयसी स्ट्रेट पॉइंटहून पॉइंट अ‍ॅडॉल्फस जवळ आहे, तिथे हंपबॅक मोठ्या संख्येने चरतात. सिटकाला समुद्री पाणमांजरं. केचिकानला सॅमनच्या दिवसांत हेरिंग कोव्हवर अस्वलं. स्कॅगवे डोंगरातल्या रेल्वेसाठी छान, वन्यजीवांसाठी नाही. मार्गात स्कॅगवे की सिटका असा पर्याय असेल आणि तुमच्या पहिल्या यादीत फक्त प्राणी असतील, तर सिटका घ्या.

त्या दिवशी बंदरात किती जहाजं असतील हेही बघा. क्रूझ लाइन एजन्सीज ऑफ अलास्का बंदरांचं वेळापत्रक आधीच जाहीर करते. ज्या दिवशी पाच मोठी जहाजं एकत्र येतात त्या दिवशी मेंडनहॉलच्या बसपासून व्हेलच्या बोटीपर्यंत सगळीकडे रांगा.

टप्पा ६: जहाज आणि केबिन

शे-सव्वाशे प्रवाशांची छोटी जहाजं व्हेल दिसला तर थांबतात, अरुंद खाड्यांत शिरतात, कयाक आणि रबरी बोटी पाण्यात उतरवतात. वन्यजीवांसाठी त्यांच्याइतकं चांगलं काही नाही, पण भाडं कित्येक पट. मोठं जहाज वेळापत्रकाने चालतं आणि व्हेलसाठी थांबत नाही. ते घेणार असाल तर समोरच्या बाजूला उघडा डेक आहे का, आणि हिमनदीच्या दिवशी तो सगळ्यांसाठी उघडतात का, एवढं विचारा. जहाजाची बाकीची कौतुकं तुमच्या यादीशी संबंधित नाहीत.

ग्लेशियर बेला सर्वाधिक फेऱ्या प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या कंपन्यांच्या असतात. इतरही काही जातात. मात्र एकाच कंपनीची दोन जहाजं वेगवेगळ्या हिमनद्यांकडे जात असू शकतात, म्हणून कंपनीच्या नावावर नको, तुमच्या तारखेच्या फेरीवर विश्वास ठेवा.

बाल्कनी हवीच का? परवडत असेल तर घ्या. एकेरी मार्गावर उत्तरेकडे जाताना जहाजाची उजवी बाजू किनाऱ्याकडे असते, दक्षिणेकडे येताना डावी. परतीच्या मार्गावर बाजूचा विचार करू नका. बाल्कनी परवडत नसेल तर खंत नको, कारण बाल्कनीतून एकच बाजू दिसते आणि हिमनदीच्या दिवशी खरी जागा समोरच्या डेकवरच असते. वाचलेले पैसे पुढच्या टप्प्यात लावा.

टप्पा ७: किनाऱ्यावरच्या सहली

व्हेल आणि अस्वल या दोन सहली आधी राखून ठेवा, बाकी सगळं नंतर. जुनोहून व्हेलच्या बोटी ऑक बेमधून सुटतात. छोटी बोट घ्या, कठड्याला जागा मिळते.

अस्वलांसाठी जुनोहून तरंगत्या विमानाने अ‍ॅडमिरल्टी बेटावरच्या पॅक क्रीकला जाता येतं. रँगल हे बंदर तुमच्या मार्गात असेल तर अनान क्रीकला काळी आणि तपकिरी दोन्ही अस्वलं एकाच ओढ्यावर दिसतात. ५ जुलै ते २५ ऑगस्ट या काळात तिथे परवाना लागतो, आणि जागा फार आधी संपतात. विमानाच्या सहली धुक्यामुळे रद्द होतात. म्हणून अशी सहल पहिल्याच बंदरात ठेवा. रद्द झाली तर पुढच्या बंदरात दुसरं काही बघायला वाव राहतो.

सावधान: जहाजाने विकलेली सहल उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. बाहेरून घेतलेल्या सहलीसाठी थांबत नाही. बाहेरची घेणार असाल तर जहाज सुटण्याआधी निदान दोन तास मोकळे ठेवा, आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर आहे की बंदराच्या, ते उतरण्याआधी विचारा.

टप्पा ८: प्रत्यक्ष त्या दिवशी

दुर्बीण ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) पुरे. दहापटीची हलत्या जहाजावर हातात स्थिर राहत नाही. घरातल्या दोन माणसांत एक दुर्बीण नेऊ नका. नेमका प्राणी वर येतो तेव्हा ती दुसऱ्याच्या हातात असते.

हिमनदीजवळ जुलैतही बोचरा वारा असतो. टोपी, हातमोजे, वाऱ्याचं जॅकेट घालून जहाज खाडीत शिरण्याआधीच डेकवर जा. बर्फ कोसळताना पाहायचा असेल तर आवाजाची वाट बघू नका. एक किलोमीटरवरून आवाज पोचायला तीन सेकंद लागतात, तोवर कडा पाण्यात गेलेला असतो. भिंतीचा एकच भाग निवडा, जिथून बारीक तुकडे सारखे घरंगळताहेत असा, आणि नजर तिथेच ठेवा. मोठा कडा सुटण्याआधी बऱ्याचदा तिथली गळती वाढते. कॅमेरा आधीच त्या भागावर रोखलेला असू द्या.

व्हेलचंही तसंच. हंपबॅक थोड्या थोड्या अंतराने काही श्वास घेतो, फवारे दिसतात, मग पाठीची कमान उंच होते आणि शेपूट पूर्ण वर येते. म्हणजे आता तो खोल गेला. पुढची पाच-दहा मिनिटं त्याच जागी डोळे लावून बसू नका, आजूबाजूला नजर फिरवा. समुद्रपक्षी अचानक एका ठिकाणी कलकलाट करत घिरट्या घालू लागले तर तिकडे बघा, खालून व्हेल छोट्या माशांचा थवा वर ढकलत असण्याची शक्यता असते. अलास्कात बोटींना हंपबॅकपासून शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९० मीटर दूर राहावं लागतं. तेव्हा नावाड्याला आणखी जवळ चला म्हणून गळ घालू नका.

आणि हिमनदी पाहून जहाज वळलं की सगळे जेवायला आत जातात, तेव्हा तुम्ही बाहेरच थांबा. ग्लेशियर बेमधून परतताना जहाज पुन्हा साउथ मार्बल बेटाच्या जवळून जातं, खाडीच्या तोंडाशी व्हेल त्याच वेळी चरत असतात, आणि समोरच्या कठड्याला आता हवी ती जागा मोकळी असते.